मागून घेतलेला वाईटपणा

आमच्या थोरल्या जाऊबाई, जिजाबाई दत्ताजीराव काटकर, गेल्या तेव्हा बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या सोसायटीतल्या बायका मला म्हणाल्या, "मथुराबेन, तुमच्या घरचा आधार गेला." आधार कसला? तीस वर्षं एका ओट्यावर भाकऱ्या थापल्या मी त्या बाईबरोबर. आधार कुणाचा आणि जाच कुणाचा, ते मला विचारा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी मराठी शाळेत मास्तरीण होते, पोरांना असलं पुष्कळ शिकवलंय. पण जाऊबाईंबद्दल गोड लिहिलेलं त्यांनाच चाललं नसतं, तेव्हा जे होतं ते लिहिते.

काटकर म्हणजे पागेतले. गायकवाडांच्या फौजेत आमच्या सासऱ्यांचे आजोबा घोडेस्वार होते असं घरात सांगतात. घोडेस्वार होते की घोड्यांना चंदी घालत होते, हे कुणी नीट सांगत नाही. संस्थान गेलं, पागा गेली, घोडे तर केव्हाच गेले, पण नावापुढचं ‘साहेब’ काही जाईना. थोरले दीर वाघोडियाच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, रोज डबा घेऊन बसनं जायचे, आणि घरात त्यांना ‘दादासाहेब’. माझे यजमान गोविंदराव पाणीपुरवठ्यात कारकून. दोघा भावांनी पाणीगेटचं भाड्याचं घर सोडलं आणि समाला टेनामेंट, म्हणजे छोटं दुमजली घर, घेतलं. खाली ते, वर आम्ही, स्वयंपाक एकत्र. एकत्र का, तर जाऊबाईंनी तसं ठरवलं म्हणून.

जाऊबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि बोलणं असं की भाजीवाला आमच्या दाराशी आला की आधीच भाव उतरवून सांगायचा. दादासाहेब वारले तेव्हा दोन महिने गप्प होत्या. मग राहिलेलं सगळं भरून काढलं.

त्यांना एकच मुलगा, समरजित. इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला, न्यू जर्सीत राहिला, तिकडचा नागरिक झाला. त्याची बायको मृदुला पुण्याची, तिकडे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. मुलगी शहाणी, पण जाऊबाईंपुढे शहाण्याचं काय चालतं? तिनं सासूला ‘आईसाहेब’ म्हणायचं, आणि सासूनं तिला कधी नावानं हाक मारली नाही. ‘पुण्याची’ म्हणायच्या. पुण्याचीचा फोन आला, पुण्याचीनं साडी पाठवली. मृदुलाला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. त्यानंतर काही नाही. त्या दिवसांत जाऊबाई तिच्याशी जशा वागल्या तसं मी आमच्या मोलकरणीशीही वागले नसते.

शहाण्णव साली एका रविवारी सकाळी समरजितचा फोन आला. "आईसाहेब, आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. बडोद्यातूनच घेणार." मी ओट्याशी कान टवकारून उभी. म्हटलं आता भडका उडणार. जाऊबाईंनी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि परत अंघोळीला गेल्या. ओल्या केसांनी देवापुढे बसल्या. आमचं दैवत खंडोबा. त्याच्या चांदीच्या टाकावर दोन ओल्या पाकळ्या लावल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि कौल लावून डोळे मिटले. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं ‘हो’, डावी पडली तर ‘नाही’. उजवी पडली.

"देवानं उजवा दिला," बाहेर येऊन म्हणाल्या. "मथुरा, साखर वाट."

मी म्हटलं, "अहो पण जाऊबाई, कुणाचं असेल, कसं असेल..."

"उजवा दिला म्हटलं ना? देवाला तुझ्याहून कमी कळतं का?"

संपलं. त्यांची श्रद्धा ही अशी. भजन नाही, डोळ्यांत पाणी नाही. वरून हुकूम सुटला की शिपायानं विचारायचं नसतं, आणि हुकुमाच्या आड येईल तो शत्रू. पुढची अडीच वर्षं त्यांना शत्रूंची वाण पडली नाही.

कारण ते काम सोपं नव्हतं. समरजित परदेशी नागरिक, तेव्हा इथे येऊन मांडीवर मूल घेतलं आणि निघाले असं होत नाही. आधी अमेरिकेतल्या संस्थेनं त्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची, मग दिल्लीनं हरकत नाही म्हणायचं, मग इथल्या कोर्टानं मुलाचा ताबा द्यायचा, मग पासपोर्ट, मग व्हिसा. यातल्या प्रत्येक कागदाला मुदत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. शिळ्या भाताला फोडणी द्यावी तशी ती फाइल पुन्हा पुन्हा ताजी करावी लागायची. दिवसभर मूल कोण सांभाळणार, असंही त्या चौकशीत विचारलं होतं. समरजितनं सांगितलं, माझी आई कायमची इकडे येणार आहे. मृदुलाला काय वाटलं असेल ते कुणी विचारलं नाही, आणि मूल मिळतंय म्हणून तीही गप्प बसली.

पाणीगेटच्या पलीकडे अनाथ मुलांची एक संस्था होती, मूल तिथूनच मिळायचं होतं. तिच्या संचालिका निरुपमा दिघे. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत मोठे हुद्देदार, घरात पुस्तकांची कपाटं, आणि बोलणं असं मोजून की ऐकणाऱ्याला आपणच आरडाओरडा करतोय असं वाटावं. कचेरीवाल्यांनी पागेवाल्यांना कधी खुर्ची दिली नाही, असं जाऊबाईंचं म्हणणं, आणि निरुपमाबाईंनी पहिल्या दिवशी खरोखरच दिली नाही.

संस्थेनं समरजितला एका मुलीचा फोटो पाठवला होता. दीड वर्षाची, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं, बोट तोंडात. संस्थेतलं नाव पारुल. त्यानं फोटोची एक प्रत आम्हाला पाठवली. जाऊबाईंनी तो देवाच्या टाकांशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "ही येसू." येसूबाई म्हणजे आमच्या आजेसासूबाई. दुसऱ्या दिवशी शटल रिक्षा पकडून संस्थेच्या फाटकावर हजर. मला बरोबर ओढलं.

निरुपमाबाई म्हणाल्या, "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मुलीला घरच्या लोकांनी भेटायचं नसतं. निकाल उलटा लागला तर मुलीचे हाल होतात."

"उलटा कसा लागेल? देवानं उजवा दिलाय."

"तो कोर्टात चालत नाही."

"तुमच्यात काय चालतं ते माहीत आहे मला," जाऊबाई म्हणाल्या आणि फाटकाबाहेर ओट्यावर बसल्या. दर गुरुवारी बसायला लागल्या. रखवालदार सांगायचा, "बा, आजे नहीं मळे," म्हणजे आज भेट नाही. त्या त्याला बसल्या जागेवरून शिव्या द्यायच्या, मग डब्यातला लाडू द्यायच्या. शेवटी निरुपमाबाईच कंटाळल्या. म्हणाल्या, तासभर येऊन बसा, पण खाऊ आणायचा तर सगळ्या मुलांना आणा, एकट्या पारुलला चालणार नाही. दर बुधवारी आमच्या घरात परातभर लाडू वळले जायला लागले. वळत कोण होतं? मी. आणि वळताना ऐकावं कुणी? "ही काय माझी नातवंडं आहेत का सगळी? खातायत मेली." पण कमी कधी नेले नाहीत.

येसूला त्या आवडायच्या, हे मला कबूल केलं पाहिजे. पोर दारातून त्या दिसल्या की दोन्ही हात वर करून धावत यायची. आम्ही आमच्या घरात जिला बघून लांब सरायचो, तिच्याकडे एक पोर धावत जातंय, हे बघायला विचित्र वाटायचं.

वाट बघण्यात दोन वर्षं गेली. शेजारच्या बायका विचारायच्या, "जिजाबेन, छोकरी क्यारे आववानी?" म्हणजे पोर केव्हा येणार. जाऊबाई उत्तर द्यायच्या, "तुमच्याकडे जेवायला नाही येणार, तुम्हाला कशाला घाई?" गोविंदराव म्हणायचे, होईल तेव्हा होईल. मीही एकदा म्हटलं की इतके अडथळे येतायत तर दुसरं मूल बघावं. त्या पुढचा सबंध महिना माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि खोटं कशाला सांगू, तो महिना छान गेला. त्यांचा धीर मात्र तसूभर ढळला नाही. पासपोर्ट काढला. अमेरिकेत बूट घालावे लागतात म्हणून कॅनव्हासचे बूट आणले आणि नऊवारी नेसून, पायात ते बूट घालून रोज संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायच्या. सोसायटीतली पोरं कुंपणावर बसून बघायची.

अठ्ठ्याण्णवच्या शेवटाला सगळे कागद एकदाचे जुळले आणि कोर्टाची तारीख पडली. आता काही अडत नाही असं सगळ्यांनाच वाटलं, निरुपमाबाईंनाही. म्हणून जाऊबाईंनी चंपाषष्ठीला येसूला एक दिवस घरी न्यायची परवानगी मागितली, तेव्हा त्या कपाळाला आठ्या घालून "हो" म्हणाल्या. संध्याकाळी पाचच्या आत परत, एवढंच बजावलं.

चंपाषष्ठी म्हणजे आमच्याकडचा मोठा दिवस. भरीत, रोडगा, तळी भरायची. मी सकाळपासून वांगी भाजत होते. येसू लाल परकर नेसून घरभर हिंडत होती. मग दारात बघते तर नाक्यावरचा वाळंद, म्हणजे न्हावी, हातात पेटी. त्याच्या मागून जाऊबाईंचे भाऊ पिलाजीराव, नवं धोतर नेसून.

"हे काय?" मी विचारलं.

"जावळ," जाऊबाई म्हणाल्या.

आमच्यात मुलाचं पहिलं जावळ काढून कुळदैवताला दिल्याशिवाय मूल कुळात मोजत नाहीत. मूल मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. येसूचा मामा, म्हणजे मृदुलाचा भाऊ, पुण्यात, आणि त्याला कळलं तर मृदुलाला कळणार. म्हणून जाऊबाईंनी समरजितचा मामा बोलावला होता. मामा नाही तर मामाच्या जागी मामा, त्यांनी देवाला सांगून टाकलं होतं.

मी म्हटलं, "जाऊबाई, पोर अजून आपली नाही. निरुपमाबाईंना विचारलंत?"

"माझ्या देवाला नैवेद्य दाखवायचा तर निरुपमाला विचारू? अग, म्हणूनच तर अडलंय सगळं. अडीच वर्षं कागद फिरतायत आणि देवाला अजून पोर ओळखीची नाही. तो तरी कुणासाठी दार उघडणार?"

पिलाजीरावांनी येसूला मांडीवर घट्ट धरलं. वाळंदानं कापड गुंडाळलं. पोरीनं पहिला वस्तरा लागताच जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. एकदा मान हिसडली आणि कानाच्या वर कापलं. रक्त आलं. जाऊबाईंनी हळद दाबली आणि म्हणाल्या, "चालू दे." अर्धं डोकं ठेवून थांबता येतं होय? केस तबकात, तबक देवापुढे, भंडारा उधळला, पुरुषांनी तळी उचलून येळकोट केला. येसू रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. जाऊबाईंचा चेहरा मात्र असा उजळला होता की मला बघवेना. पाच वाजता कानटोपी घालून पोरीला परत सोडून आल्या.

दैव म्हणा, की कर्म. अमेरिकेच्या संस्थेची बाई त्याच आठवड्यात बडोद्याला आली. फाइल पुरी करण्याआधी एकदा मुलीला बघायचं, एवढंच तिचं काम. तिला दिसलं काय? फोटोतले कुरळे केस गायब, तासलेलं डोकं, कानावर खपली, सगळं हळदीनं पिवळं, आणि कुणी टॉवेल घेऊन जवळ आलं तरी किंचाळणारं पोर. तिनं विचारलं, हे कुणी केलं? निरुपमाबाईंनी खरं सांगितलं. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. बाईनं विचारलं, ज्या आजी मुलीला दिवसभर सांभाळणार आहेत, त्याच का या?

फाइल तिथेच थांबली. कोर्टाची तारीख पुढे गेली. डेन्मार्कचं एक जोडपं मुलीसाठी थांबलंय, त्यांचे कागद तयार आहेत, असं निरुपमाबाईंनी समरजितला फोनवर कळवलं. जाऊबाईंना फाटकाच्या आत यायची बंदी झाली.

समरजित आणि मृदुला मिळेल त्या विमानानं आले. ते आठ-दहा दिवस आमच्या घरात चूल पेटत होती की माणसं, सांगता येणार नाही. समरजित आईवर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. मृदुला ओरडली नाही. ती सासूकडे बघायचीच नाही, भिंतीकडे बघून जेवायची. समरजितनं त्या बाईला समजावलं की ही आमच्याकडची चाल आहे, माझंही जावळ काढलं होतं, यात मारहाण नाही. बाई म्हणाली, चाल असेल, पण मूल तुमचं नसताना, कुणालाही न विचारता केली. उद्या ही बाई घरात असताना अजून काय काय करील आणि तुम्ही तिला थांबवू शकाल का? समरजित म्हणाला, मग आई येणार नाही. बाई म्हणाली, असं सगळेच लिहून देतात. सहा महिन्यांनी आजी विमानातून उतरतात. तुमच्या घरात कुणी त्यांना ‘नाही’ म्हटलेलं मला दिसत नाही.

खरंच होतं ते. कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या दिवशी जाऊबाई देवापुढे बसल्या नाहीत. कौल लावला नाही. दुपारभर पडवीत बसून राहिल्या. मग स्वयंपाकघरात आल्या. मृदुला कांदा चिरत होती, मी कणीक मळत होते.

"उद्या त्या बाईपुढे माझ्याबद्दल काय ते सांग," जाऊबाई म्हणाल्या.

मृदुलानं मान वर केली नाही. "काय सांगू?"

"मला विचारतेस? बारा वर्षं साठवलंयस. समरला नाही जमणार, तो मऊ आहे. तुझं ऐकतील ते. ही सासू मला दारात नको, असं सांग, आणि पटेल असं सांग."

मृदुलानं सुरी खाली ठेवली. "मी सांगायला लागले तर थांबणार नाही."

"थांबू नकोस," असं म्हणून जाऊबाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कचेरीत आम्ही सगळे. जाऊबाईंना तेवढ्यापुरतं आत घेतलं. निरुपमाबाई भाषांतराला. मृदुलानं इंग्रजीत सुरुवात केली, अडखळत, चार वाक्यं शिष्टाचाराची. बाई मान हलवत होती, पण तिला काही पटत नव्हतं हे मलासुद्धा दिसत होतं. मग मृदुला थांबली, आणि मराठीत बोलायला लागली.

"संयोगिताचं डोहाळजेवण होतं," ती म्हणाली. संयोगिता माझी मुलगी. "मी ओटी भरायला तबक उचललं. यांनी सगळ्या बायकांसमोर माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, तू आत जाऊन पापड तळ. मी तळले. सगळे तळले. माझं दुसरं मूल गेलं तेव्हा मी हॉस्पिटलात होते. यांनी फोन करून विचारलं, या वेळी काय उचललंस? बरी आहेस का, असं नाही विचारलं. काय उचललंस? माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, यांना माझं नाव माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही. आणि माझ्या लेकीच्या डोक्याला मी अजून हात लावला नव्हता, तेव्हा यांनी तिचं रक्त काढलं. मी या बाईला माझ्या मुलीजवळ फिरकू देणार नाही. माझ्या दारात आल्या तर पोलीस बोलवीन. नवऱ्यानं यांना आणलं तर नवऱ्यालाही बाहेर काढीन."

निरुपमाबाई एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होत्या आणि त्यांचा मोजका आवाज पहिल्यांदाच हलत होता. समरजित "मृदुला, पुरे" म्हणत होता. अमेरिकेची बाई लिहायचं सोडून मृदुलाकडे बघत होती. मृदुला सोंग करत नव्हती. त्यातलं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं, नाहीतर कानांनी ऐकलेलं होतं.

बाईनं जाऊबाईंना विचारलं, हे खरं आहे का?

"खरं आहे," जाऊबाई म्हणाल्या. पदर नीट केला. "आणि एक तिला माहीत नाही, ते राहिलं. निरुपमा, सांग त्या बाईला. हिला सोड आणि दुसरी कर, असं मी पोराला सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं."

मृदुलानं समरजितकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, तेव्हा तिला कळलं की हेही खरं आहे. निरुपमाबाईंनी तेही वाक्य इंग्रजीत सांगितलं, आणि बाईनं पेन उचललं.

बाहेर फाटकाशी जाऊबाईंनी मृदुलाला गाठलं. "आता हे बोलणं कधी फिरवू नकोस. फिरवलंस तर म्हणतील खोटं होतं, आणि पोर परत घेतील."

"फिरवणार नाही," मृदुला म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, तुमच्या सांगण्यावरून बोलले मी?"

पुढच्या महिन्यात कोर्टानं ताबा दिला आणि होळीच्या आधी येसू अमेरिकेला गेली. जाऊबाई मुंबईच्या गाडीला सोडायला स्टेशनवर गेल्या नाहीत. घरी देवाला नारळ फोडला आणि मला म्हणाल्या, "बघ, उजवा दिला होता ना?" त्या वेळी मला त्यांचा एवढा संताप आला की मी खोबरं न घेता वर निघून आले. ज्या देवानं पोर दिली त्यानं यांना काय ठेवलं? पण तो हिशेब त्यांना दिसतच नव्हता.

मृदुलानं शब्द पाळला. अमेरिकेची संस्था काही वर्षं घरी येऊन बघून जायची, तोवर फोनसुद्धा फक्त समरजितचा यायचा. मग ते येणं संपलं, येसूला तिकडचा पासपोर्ट मिळाला, तरी फोन समरजितचाच. त्या नवरा-बायकोत त्या दिवसापासून काय बिघडलं ते ते जाणोत. नांदले, पण पूर्वीचं राहिलं नाही.

येसू अकरा वर्षांची असताना ते तिघं बडोद्याला आले, एका दुपारपुरते. मुलगी उंच झाली होती, पुन्हा ते कुरळे केस, मराठी मोडकंतोडकं पण न लाजता बोलणारी. मी तिला पोटाशी धरलं. जाऊबाई तेव्हा थकल्या होत्या, तरी खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "आलात? बसा." एवढंच. पोरीनं आणलेला चॉकलेटचा डबा उघडलासुद्धा नाही, बाजूला ठेवला.

मी त्यांना आत ओढून नेलं. म्हटलं, "अहो, आता कसली भीती? सगळं कधीच संपलंय. तिला कोण परत नेणार? जरा जवळ घ्या पोरीला."

"तू मास्तरीण आहेस, तुला शाळेतलं कळतं," त्या म्हणाल्या. "मी गोड वागले तर हिची आई त्या बाईपुढे खोटं बोलली असं होईल. पोरीच्या तोंडून तिकडे कुणाच्या कानावर गेलं तर? सरकार विसरत नसतं, मथुरा." आणि पुन्हा बाहेर जाऊन बसल्या. मी डोक्याला हात लावला. या बाईला कायदा समजावणं देवाच्या बापाला जमलं नसतं.

येसू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मम्मी म्हणते, तू खूप वाईट होतीस. खरंच?"

समरजित खोकला. मृदुला खिडकीबाहेर बघायला लागली.

"होते नाही, आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तुझी आई खोटं बोलत नाही."

पोरीला ते गमतीचं वाटलं असावं, ती हसली. निघताना समरजित म्हणाला, "आजीच्या पाया पड." येसू वाकली. जाऊबाईंनी पाय झटकन मागे घेतले, लुगड्याखाली. पोरीचा हात फरशीवर टेकला. ती क्षणभर तशीच वाकून राहिली, मग उठली आणि वडिलांच्या मागे गेली.

मी गाडीपर्यंत पोचवायला गेले. मृदुलाचे डोळे लाल झाले होते. "बघितलंत काकी?" ती म्हणाली. "पोरीला पायाला हातसुद्धा लावू दिला नाही. अजून तश्शाच आहेत." मी दाराकडे बघितलं. जाऊबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या आणि माझ्यावर डोळे रोखले होते. मी मृदुलाला म्हटलं, "सांभाळून जा."

गाडी वळली. मी परत आले तर त्या विचारायला लागल्या, "काय म्हणाली ती?"

"अजून तशाच आहात म्हणाली."

"चिडून म्हणाली?"

"चिडून."

"मग काळजी नाही," जाऊबाई म्हणाल्या. आणि मला बाजूला सारून फाटकापर्यंत गेल्या, आणि रस्ता रिकामा झाला तरी तिथेच उन्हात उभ्या राहिल्या.